कुत्र्या-मांजराचं सप्लिमेंट कसं निवडावं: आधी ताटली, मग बाटली

पेट शॉपच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारी मागणी म्हणजे "एखादं चांगलं टॉनिक द्या ना". कशासाठी, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: केस गळतात, नीट खात नाही, अंग धरत नाही, पिल्लाचे कान अजून उभे राहिले नाहीत. दुकानदार मागे वळून कॅल्शियमची एक बाटली, मल्टिव्हिटॅमिनची एक बाटली आणि जमलं तर एखादं लिव्हर टॉनिक समोर ठेवतो. हजारभर रुपये जातात. त्या जिवाला नेमकं काय कमी पडतंय, हे मात्र कुणी विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जो घटक कमी पडतोय त्याचं नाव घेता येत नसेल, तर बाटली घेऊ नका. नाव घेता आलं की कोणतं सप्लिमेंट, किती आणि किती दिवस, हे ठरवणं बरंच सोपं होतं. ते नाव कसं शोधायचं आणि सापडल्यावर काय करायचं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. मांजरीचं शरीर काही बाबतींत कुत्र्यापेक्षा अगदी वेगळं चालतं. जिथे तसा फरक पडतो तिथे मांजरीचं वेगळं सांगितलं आहे.

पहिली पायरी: ताटलीत काय पडतं ते लिहून काढा

तीन दिवस वही ठेवा आणि पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. आजोबांनी चहासोबत दिलेली दोन बिस्किटं, शेजारच्या काकूंनी गॅलरीतून टाकलेली पोळी, सायीची वाटी, सगळं. शक्य असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. "थोडंसंच देतो" हे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि वही पाहिल्यावर ते क्वचितच थोडंसं निघतं.

जनावर तयार अन्नावर असेल तर पिशवीची मागची बाजू वाचा. अन्न 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे का, आणि कोणत्या वयासाठी, हे तिथे लिहिलेलं असतं. अमेरिकी मानकांनुसार बनवलेल्या अन्नावर 'आफको' या संस्थेचा उल्लेख असतो, युरोपीय अन्नावर 'फेडिआफ'चा असू शकतो. असं पूर्ण अन्न योग्य मापात खाणाऱ्या निरोगी प्राण्याला वरून मल्टिव्हिटॅमिन द्यायची गरज नसते. त्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजूनच घातलेली असतात. पिशवीवर 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं असेल तर मात्र ते पोटभर खाऊ घालायचं अन्न नव्हे. मांजरांची काही ग्रेव्हीची पाकिटं या वर्गातली असतात आणि लोक वर्षानुवर्षं त्यावरच मांजर ठेवतात.

तयार अन्नासोबत घरचं थोडंफार चालतं. एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ते राहिलं तर समतोल बिघडत नाही. अर्धं डॉग फूड आणि अर्धी पोळी-दूध असेल तर पिशवीवरचं आश्वासन तुमच्या ताटलीला लागू होत नाही.

संपूर्ण घरचं खाणाऱ्या प्राण्याचं प्रकरण मोठं आहे. चिकन-भात, खिमा-भात, दहीभात, वरण-पोळी. प्रेमाने केलेलं असतं, ताजं असतं, आवडीने संपतंही. तरीही त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि जस्त, तांबं, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतात. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या होत्या, संकेतस्थळांवरच्या होत्या, काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी भरला. म्हणजे घरचं खाणाऱ्या कुत्र्याला पूरक लागतंच. पण ते त्या पाककृतीचा हिशोब करून ठरवलेलं हवं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं किंवा नागपूरचं महाविद्यालय जवळ असेल तर वही घेऊन तिथल्या रुग्णालयात जा आणि हा हिशोब मागा.

दुसरी पायरी: कमतरता आहे की आजार आहे?

बाटल्यांवरचा बराच पैसा इथे वाया जातो, कारण ज्या लक्षणांसाठी टॉनिक मागितलं जातं त्यांतली बरीचशी मुळात कमतरतेची नसतातच.

केस गळतात आणि अंग खाजतं, तर आधी पिसवा, गोचीड, खरूज, बुरशी आणि ॲलर्जी तपासा. खातो पण अंग धरत नाही, तर विष्ठा तपासून घ्या. पिल्लात जंत असतील तर कितीही ताकदीचं टॉनिक दिलं तरी उपयोग नाही. हिरड्या फिकट पडल्या म्हणून रक्तवाढीचं सिरप आणलं जातं. आपल्याकडे कुत्र्यांमध्ये रक्त कमी होण्याचं एक मोठं कारण गोचीडताप आहे. त्यात तांबड्या पेशी नष्ट होतात किंवा अस्थिमज्जा दबते. लोह कमी पडलेलं नसतं, त्यामुळे लोह देऊन काही साधत नाही. लोहाची खरी कमतरता येते ती सतत रक्त जात राहिल्याने, म्हणजे पिसवांनी भरलेल्या किंवा हुकवर्म झालेल्या लहान पिल्लांत. तिथेही आधी पिसवा आणि जंत काढायचे, मग लोह.

पपईच्या पानांचं सिरपही असंच. प्लेटलेट कमी झाल्या की पहिला फोन त्या सिरपसाठी जातो. गोचीडतापाचा जंतू त्या सिरपने मरत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेलं औषधच लागतं, आणि या आजारात दोन दिवसांचा उशीरही महाग पडतो.

वयस्क मांजर बारीक होत असेल तर मल्टिव्हिटॅमिनच्या आधी रक्त-लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड वाढणं आणि मधुमेह, तिन्ही घरच्यांना "जरा वाळलंय" असेच दिसतात.

शेवटी हाताने पाहा. बरगड्यांवरून तळवा हलका फिरवा. बरगड्या सहज जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कमर दिसली पाहिजे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे, मग तुमच्या कुत्र्याला आणखी काही घालण्याऐवजी ताटलीतलं कमी करायची गरज आहे. लॅब्रेडॉरांच्या २४ जोड्यांवर चौदाएक वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. असा फायदा देणारी एकही बाटली माझ्या माहितीत नाही.

तिसरी पायरी: कमतरतेचं नाव ठरवा

*कॅल्शियम.* याच्यावर जास्त लिहितो, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त दिलं जाणारं आणि सगळ्यात जास्त चुकीचं दिलं जाणारं पूरक हेच आहे.

पिल्लू घरी आलं की कॅल्शियमची बाटली येतेच. ब्रीडर सांगतो, दुकानदार सांगतो, बागेत भेटणारे सांगतात. पिल्लू पपी फूडवर असेल तर ही बाटली नको. आफकोच्या मानकानुसार वाढीच्या वयाच्या अन्नात, पाणी वगळून मोजलं तर, किमान १.२ टक्के कॅल्शियम असतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के आहे. ही मर्यादा उगाच घातलेली नाही. मोठं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतं आणि बाकीचं सोडून देतं. लहान पिल्लाला हे नियंत्रण अजून जमत नाही, जेवढं पोटात जातं त्यातला मोठा भाग शरीरात शिरतो. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम देऊन पाहिलं गेलं. त्यांची हाडं मजबूत झाली नाहीत, उलट त्यांची वाढ बिघडली. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा जातींत हा धोका मोठा. पाय वाकडे दिसायला लागले की घरचे घाबरून डोस वाढवतात, आणि जिथे जास्तीचं कॅल्शियमच कारण असतं तिथे ते आणखी वाढतं. पाय वाकडे दिसले तर एक्स-रे काढून घ्या, बाटली बदलत बसू नका.

शेफर्डचे कान कॅल्शियमने उभे राहतात हीसुद्धा समजूतच. कान कूर्चेचा असतो. दात बदलायच्या वयात, साधारण चार ते सहा महिन्यांत, उभा राहिलेला कानही पुन्हा पडतो आणि नंतर आपला आपण उभा राहतो.

गाभण कुत्रीला कॅल्शियम देणं तर सरळ धोक्याचं आहे. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. पिल्लं झाल्यावर दुधासाठी एकदम गरज वाढते, तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत, पिल्लं दोन ते चार आठवड्यांची असताना हे जास्त दिसतं. धाप, अस्वस्थपणा, थरथर, ताठरलेले पाय, मग झटके. अशी कुत्री रात्री दोन वाजता दिसली तरी सकाळची वाट पाहू नका. शिरेतून कॅल्शियम देण्याची गरज असते आणि ते डॉक्टरच देऊ शकतात. गाभणपणात कुत्रीला चांगलं पपी फूड द्या. पिल्लं झाल्यावर कॅल्शियम लागलं तर ते डॉक्टर सांगतील.

आता उलट बाजू. बिनहाडाचं चिकन आणि भात खाणाऱ्या कुत्र्याला कॅल्शियम खरोखरच हवं असतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हे असंच चालू राहिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, आणि वाढत्या पिल्लाचं हाड साध्या उडीनेही मोडू शकतं. मोठ्या कुत्र्याला दर १,००० कॅलरी अन्नामागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. वीसएक किलोचं घरातलं कुत्रं दिवसाला जवळपास तेवढंच खातं. अंड्याच्या कवचाच्या एक ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे तीन-सव्वातीन ग्रॅम पूड, अंदाजे अर्धा सपाट छोटा चमचा. कवचं धुवायची, उकळायची, वाळवायची आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची, कच टोचता कामा नये. हे मोठ्या, निरोगी कुत्र्यासाठी. घरचं खाणाऱ्या पिल्लाला अंदाजाने काहीही देऊ नका, तिथे पाककृतीच डॉक्टरांकडून घ्या. आणि कवचाच्या पुडीने फक्त कॅल्शियमचा प्रश्न सुटतो, जस्त-आयोडिनचा नाही.

*टॉरिन, मांजरीसाठी.* टॉरिन हे एक अमिनो आम्ल आहे. १९८७ साली डेव्हिसच्याच पशुवैद्यकांनी दाखवून दिलं की मांजरींचं हृदय फुगून निकामी होण्याचा एक आजार टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि टॉरिन दिल्यावर तो सुधारू शकतो. त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार फार कमी झाला. मांजरीचं शरीर पुरेसं टॉरिन तयार करत नाही. ते मिळतं फक्त मांस-माशांतून, आणि मांस उकळून पाणी फेकलं की त्यातलं बरंचसं पाण्यासोबत जातं. कमतरतेने डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा मात्र भरून येत नाही.

दूध-पोळी किंवा दहीभातावर वाढणाऱ्या मांजरी आपल्याकडे खूप आहेत. त्यांना टॉरिनची गोळी घालून भागत नाही. मांजरीला गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही आणि ॲराकिडॉनिक आम्लही तिला प्राणिज चरबीतूनच लागतं. तिला अन्नच बदलून हवं. घरात मांस-मासे शिजत नसतील तर कॅट फूडची पिशवी आणा, कुणाचं स्वयंपाकघर बाटत नाही आणि मांजरीचे डोळे वाचतात. मांसाहारी घरांत दुसरी टोकं दिसतात. रोज कलेजी घातल्याने अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके जखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) नष्ट करणारं द्रव्य असतं. ते शिजवल्यावर निकामी होतं, म्हणून मासे शिजवूनच द्या.

*ओमेगा-३.* ज्या पूरकांच्या मागे बऱ्यापैकी पुरावा आहे, त्यांत माशाच्या तेलाचा नंबर वरचा. खाजरी त्वचा आणि सांधेदुखी दोन्हींत त्याचा उपयोग होतो. काम करतात ती ईपीए आणि डीएचए ही दोन आम्लं. जवसात वेगळं ओमेगा-३ असतं. कुत्र्याचं शरीर त्याचं ईपीएमध्ये फार थोडं रूपांतर करतं, मांजरीचं तर जवळजवळ नाहीच. जवसाचं तेल वाईट नाही, पण या कामाचं नाही.

मापाचा हिशोब एकदा करून पाहा. समजा २५ किलोचा लॅब्रेडॉर आहे. पशुवैद्यकीय साहित्यात त्वचेसाठी वापरली जाणारी मात्रा या वजनाला ईपीए आणि डीएचए मिळून रोज सुमारे १,४०० मिलिग्रॅम येते, संधिवातासाठी सुमारे ३,५०० मिलिग्रॅम. मेडिकलमधल्या साध्या '१,००० मिलिग्रॅम फिश ऑइल' कॅप्सूलमध्ये १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं, म्हणजे कामाचं ३००. त्वचेसाठी चार-पाच कॅप्सूल झाल्या, सांध्यांसाठी बारा. बारा कॅप्सूल म्हणजे बारा ग्रॅम तेल, शंभरेक कॅलरी. एवढ्या कॅलरी जेवणातून कमी केल्या नाहीत तर कुत्रं जाड होईल आणि सांधे आणखी दुखतील. रोज एक कॅप्सूल घालून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांचा हिशोब इथे चुकलेला असतो. सांध्यांची मात्रा सुरक्षित कमाल मर्यादेच्या जवळ जाते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच द्या. पाव मात्रेने सुरू करून दोन आठवड्यांत वर न्या, नाहीतर जुलाब होतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर सुरू करण्याआधी विचारा.

कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हे तेल नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, आणि ओमेगा-३च्या मात्रेएवढं ते पाजलं तर दोन्हींचं प्रमाण धोकादायक होतं.

*सांध्यांच्या गोळ्या.* ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची विक्री प्रचंड आहे, पुरावा मात्र कमजोर. २०२२ साली कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात ओमेगा-३ने वेदना कमी होताना दिसल्या, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनने दिसल्या नाहीत. माझा क्रम असा: आधी वजन, मग डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक आणि माशाचं तेल, घसरत्या फरशीवर चटया. पैसे उरले तर गोळ्या. जाड कुत्र्याने सहा-सात टक्के वजन कमी केलं तरी लंगडणं कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. आणि स्वतःच्या मनाने माणसांची वेदनाशामकं कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

*प्रोबायोटिक.* साध्या जुलाबात किंवा ॲन्टिबायोटिक चालू असताना उपयोगी पडू शकतं. पाकिटावर जंतूचं पूर्ण नाव, शक्यतो स्ट्रेनसकट, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत जंतू राहतील याचा आकडा हवा. नुसतं 'गुड बॅक्टेरिया' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या.

*जस्त.* हस्की आणि मॅलाम्यूट या जातींत काही कुत्र्यांना जस्त नीट शोषता येत नाही. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरतात. पुण्या-मुंबईत हस्की वाढलेत, म्हणून हे लक्षात ठेवा. पोळीतल्या कोंड्यातलं फायटेट आणि जास्तीचं कॅल्शियम जस्ताचं शोषण अडवतात. त्यामुळे पोळी आणि कॅल्शियमच्या बाटलीवर वाढणारं इतर जातीचं पिल्लूही या त्रासात सापडू शकतं. निदान डॉक्टरांकडून पक्कं करा, जस्त जास्त झालं तर विषारी ठरतं.

बाकीचं थोडक्यात. क जीवनसत्त्व कुत्री-मांजरी स्वतः बनवतात. मांजरीच्या हर्पिस विषाणूच्या सर्दीवर दिलं जाणारं लायसिन हे अमिनो आम्ल २०१५ च्या आढाव्यात निरुपयोगी ठरलं. बी-१२ जुन्या पोटाच्या आजारात खरंच कमी होतं, पण ते रक्ततपासणीने कळतं. लिव्हर टॉनिक डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून लिहिलं असेल तर द्या, सवयीने नको.

चौथी पायरी: लेबल वाचा

लिहिलेलं माप नेमकं कशामागे आहे ते आधी पाहा. एका बाटलीवर 'प्रति ५ मिली', दुसरीवर 'प्रति १०० मिली', पावडरीवर 'प्रति किलो' असतं. शेजारी ठेवून तुलना करायची तर सगळं एका मापात आणा.

मग घटकाचं वजन आणि क्षाराचं वजन वेगळं करा. कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. कॅल्शियम फॉस्फेट असेल तर सोबत फॉस्फरसही जातो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरीला नेमका तोच नको असतो, आणि मांस-भात खाणाऱ्या कुत्र्याकडे तो आधीच भरपूर असतो. सामन ऑइलच्या बाटलीवर एकूण तेल किती याला अर्थ नाही, ईपीए आणि डीएचए प्रति मिली किती ते शोधा. सापडलं नाही तर बाटली परत ठेवा.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून दहा वनस्पतींची यादी आणि एकाचंही प्रमाण नाही, असं उत्पादन घेऊ नका. लसूण किंवा कांद्याची पूड असेल तर अजिबात नको. यीस्टच्या काही गोळ्यांत चवीला लसूण घातलेली असते, त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि मांजरी याला जास्त नाजूक असतात. 'शुगर फ्री' दिसलं की साखरेऐवजी वापरलं जाणारं झायलिटॉल आहे का ते शोधा, कुत्र्यात त्याने रक्तातली साखर कोसळते आणि यकृत निकामी होऊ शकतं. बॅच नंबर, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता हवा. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांवर 'फीड सप्लिमेंट' लिहिलेलं असतं. याचा अर्थ औषधासारखा परिणाम सिद्ध करून ती बाजारात आलेली नाही. आजार बरा करण्याचा दावा तिच्यावर दिसला तर संशय घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना नॅशनल ॲनिमल सप्लिमेंट कौन्सिलचं पिवळं सील शोधता येईल. ते परिणामाची हमी देत नाही, पण उत्पादनाच्या दर्जाची थोडी खात्री देतं.

आणि छोटी बाटली घ्या. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात माशाचं तेल लवकर खवट होतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, मधूनमधून वास घ्या, जुन्या रंगासारखा उग्र वास आला तर टाकून द्या.

पाचवी पायरी: घरातल्या औषधांशी ताळा करा

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन चालू असताना त्याच वेळी कॅल्शियम किंवा लोह दिलं तर औषध आतड्यातच बांधलं जातं आणि कमी लागू पडतं. मधे निदान दोन-तीन तास जाऊ द्या, किंवा तेवढे दिवस कॅल्शियम बंदच ठेवा. दूध-दह्यातही कॅल्शियम असतं, म्हणून ही गोळी दह्यात घालून देऊ नका.

माणसांची सप्लिमेंट्स कपाटात वर ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी आता घराघरात असते. पाच किलोच्या कुत्र्याने ती एक खाल्ली तर किलोमागे १२,००० युनिट जातात, आणि विषबाधेची लक्षणं किलोमागे ४,००० युनिटपासूनही दिसू शकतात. रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं बिघडतात. तयार अन्नातही ही चूक होऊ शकते. २०१९ साली अमेरिकेत ड जीवनसत्त्व जास्त झाल्यामुळे डॉग फूडचे डबे मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले होते. म्हणून पूर्ण अन्नावर वरून मल्टिव्हिटॅमिन आणि त्यावर कॅल्शियम-डी३, असा थर लावू नका. प्रत्येक बाटलीतलं ड जीवनसत्त्व एकत्र मोजा.

सहावी पायरी: एका वेळी एकच, तारीख घालून

दोन गोष्टी एकदम सुरू केल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. सुरू करण्याआधी फोटो काढा, लंगडत असेल तर जिना चढतानाचा व्हिडिओ घ्या, वजन लिहा. त्वचेसाठी आणि सांध्यांसाठी ओमेगा-३ला किमान आठ आठवडे द्या. मग त्याच जिन्यावर पुन्हा व्हिडिओ घ्या आणि घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुम्ही काय देताय ते माहीत नाही. फरक दिसला तर चालू ठेवा, नाहीतर बंद करा. जुलाब मात्र दोन दिवसांत थांबले नाहीत, रक्त दिसलं किंवा पिल्लू मलूल झालं तर प्रोबायोटिकची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मांजरीच्या बाबतीत नवीन पूड तिच्या मुख्य जेवणात कालवू नका. वास आवडला नाही तर ती जेवणच सोडते, आणि मांजरीने, विशेषतः जाड मांजरीने, दोन-तीन दिवस न खाल्लं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. वेगळ्या बशीत, चमचाभर आवडत्या ओल्या खाण्यात, चिमटीभर पुडीपासून सुरुवात करा. चाटलं नाही तर बशी उचला आणि नेहमीचं जेवण द्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे बरेच जण टॉनिकच्या बाटल्याही विकत घेतात. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की तेच पैसे रेबीजच्या लशीला, नसबंदीला आणि जंताच्या औषधाला लावा. त्या जिवांना त्याचाच जास्त आधार होतो.

आणि बाटलीच फोडून खाल्ली तर

चवीच्या च्युएबल गोळ्यांचा डबा कुत्रं एका बैठकीत संपवू शकतं. तसं झालं तर डबा किंवा पाकीट उचला, किती गोळ्या शिल्लक आहेत मोजा, कुत्र्याचं वजन लिहा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ड जीवनसत्त्व, लोह, जस्त आणि झायलिटॉल या चारांपैकी काहीही त्यात असेल तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. ड जीवनसत्त्वाची लक्षणं तर एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात, तोवर कुत्रं ठणठणीत वाटतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, रक्तातलं मीठ वाढून त्यानेच जीव जाऊ शकतो. उलटी काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. रिकामा डबा लेबलासकट दवाखान्यात घेऊन जा.